आधी चासी, मग रंग

घाटात जीप उलटली की एक-दोन दिवसांत ती आपल्यापैकीच कोणाच्या तरी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहते. चौक्याचा घाट असो, कन्नडचा असो, नाहीतर खुलताबादकडचा उतार असो. टप चेपलेला, पुढची काच गेलेली, एक आरसा वायरीला लोंबतो आहे. मागोमाग मालक येतो. त्याचा हप्ता चालू असतो, लग्नसराई तोंडावर असते, भाडी ठरलेली असतात. तो म्हणतो, "उस्ताद, ऊपर ऊपर से कर दो." या "ऊपर ऊपर से"बद्दल आज आपल्या मिस्त्री बांधवांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आपल्या शहरातील कारागिरांचा हात कोणी धरू शकत नाही. हातोडा आणि डॉली घेऊन चेपलेला टप असा वर आणतात की बोट फिरवले तरी जोड कळत नाही. परंतु नेमकी हीच कारागिरी उलटलेल्या गाडीच्या बाबतीत घात करते. पत्रा सरळ झाला, लांबी भरली, रंग चढला की गाडी नवी दिसते. आणि पत्र्याखाली वाकलेली चासी तशीच राहते. तीच गाडी पुन्हा दहा माणसे घेऊन त्याच घाटात जाते.

जीपची घडणच अशी की ती लवकर कलंडते. उंच बसणी, अरुंद चाकझोक, खाली पाट्यांच्या कमानी आणि वर टपावर पोती. ही गाडी आपल्या देशात रुजवणाऱ्या कंपनीचे १९४५ सालचे मूळ नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' असे होते, हे नव्या पिढीला सहसा माहीत नसते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. असो. गाडी खडबडीत वाटेसाठी बनली आहे, म्हणून ती उलटूनही शाबूत राहते असा गैरसमज मात्र मालकाइतकाच मिस्त्रीच्याही मनात असतो.

पहिली चूक चावीची. मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. टपावर पडलेली एक डिझेल जीप आम्ही चौघांनी दोर लावून सरळ केली. उस्तादचा हात सवयीने चावीकडे गेला. सेल्फने अर्धा फेरा घेतला आणि 'टक्' करून थांबला. पुन्हा चावी दिली. तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झाले, निळा धूर निघाला आणि आतून ठोके ऐकू येऊ लागले. हेड उघडले तर एक कनेक्टिंग रॉड वाकलेला. मालक म्हणाला, अपघातातच वाकला असेल. उस्ताद काही बोलले नाहीत, पण त्यांना ठाऊक होते आणि आम्हालाही. रॉड, पिस्टन, पॅकिंग, सगळे त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले. त्या महिन्यात आमचे पगार दोन हप्त्यांत मिळाले.

कारण साधे आहे. गाडी उलटी पडली की खालचे ऑईल पिस्टनकडे येते, रिंगांतून वर झिरपते, ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरपर्यंत जाते. हवा दाबली जाते, ऑईल दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ऑईल साचले असताना सेल्फ मारला की जोर रॉडवर येतो. म्हणून गाडी सरळ केल्यावर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि गाडी काही तास तशीच उभी ठेवावी. नंतर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे नोझल किंवा हीटर प्लग काढावेत. नव्या कॉमन रेल गाडीचे नोझल ज्याला त्याची माहिती आहे त्यानेच खोलावेत, त्यात दाब फार असतो. मग क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवावे. ते मोकळे फिरले तर डिझेलचा पुरवठा तोडून, पेट्रोल गाडी असल्यास कॉइलची जोडणी काढून, बॅटरीची तार परत जोडावी आणि उघड्या भोकांनिशी थोडा सेल्फ द्यावा. भोकांवर तोंड आणू नका, ऑईलची पिचकारी डोळ्यांत जाते. एअर फिल्टर आणि त्याच्या नळ्या पुसून कोरड्या कराव्यात. हे राहिले तर डिझेल इंजिन तेच ऑईल ओढून पिसाट पळते, चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर फळी दाबून धरावी, हात नव्हे.

इथे विम्याचा प्रश्न येतो आणि तो मालकापेक्षा मिस्त्रीने नीट समजून घ्यावा. मोटार पॉलिसीच्या छापील अटींत लिहिलेले असते की अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती होण्याआधी गाडी चालवली तर त्यामुळे वाढलेले नुकसान मालकाच्या जोखमीवर. म्हणजे टपाचे पैसे मिळतील, पण घाटातून तशीच चालवत आणलेल्या गाडीचे इंजिन गेले तर त्याचे मिळणार नाहीत. गाडी टो करून आणावी, सर्वेअर पाहून जाईपर्यंत पाना लावू नये, फोटो काढून ठेवावेत.

अनेक मालक विमा कंपनीला कळवतच नाहीत, कारण गाडीत माणसे जास्त होती आणि दावा फेटाळला जाईल अशी भीती असते. "ऊपर ऊपर से"चे खरे मूळ बहुधा या भीतीत असते. १९९६ साली बी. व्ही. नागराजू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सहा जणांची परवानगी असलेल्या मालगाडीत नऊ जण होते एवढ्यावरून गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारता येत नाही; त्या जादा माणसांमुळे अपघात झाला असे दिसले पाहिजे. यावरून जादा माणसे भरावीत असा अर्थ कोणी काढू नये. पण लपवालपवी करून वाकलेल्या चासीवर रंग मारून घेण्यापेक्षा दावा करणे केव्हाही बरे.

आता चासी. त्यासाठी लाखाचे यंत्र लागत नाही. सपाट फरशी, सूत, ओळंबा आणि खडू पुरतो. चासीवरच्या ठरावीक बोल्टांखाली ओळंबा सोडून फरशीवर खुणा कराव्यात आणि कर्णाची दोन मापे घ्यावीत. पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत आणि उलट. दोन्ही मापे सारखी नसतील तर चासी तिरकी झाली आहे, मग रंगाचा डबा उघडूच नये. कमानीच्या हँगरजवळ आणि बॉडीच्या माउंटिंगजवळ चिखल खरवडून तडे शोधावेत. यू-बोल्ट, कमानीचा सेंटर बोल्ट, टाय रॉड, अॅक्सलचे घर, चाकाची रिम हे एकेक करून पाहावे. गॅस लावून चासी लाल करून सरळ करण्याची आपली जुनी सवय धोक्याची आहे. तापवलेली पट्टी दिसायला सरळ होते आणि ताकदीने नरम पडते. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी, नव्या गाडीत कॉम्प्युटरचे प्लगही काढावेत. ब्रेकच्या ऑईलमध्ये हवा गेलेली असते, ती काढावी. बॅटरीचे तेजाब सांडले असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, नाहीतर सहा महिन्यांत तिथला पत्रा चाळणी होतो. अपघाताचा झटका घेतलेला सीट बेल्ट धुऊन परत बसवू नये, बदलावा.

दुरुस्तीनंतर मालकाला 'मजबुती' हवी असते. पुढे जाड पाइपाचा गार्ड लावून द्या, म्हणतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत. आणि उलटणाऱ्या गाडीला पुढच्या गार्डचा उपयोग तरी काय? ताडपत्रीच्या जीपवरची पाइपांची चौकट ही ताडपत्री धरण्यासाठी असते, माणसांचे डोके वाचवण्यासाठी नाही. ट्रॅक्टरवर आपण जे पत्र्याचे छत जोडून देतो त्याचेही तेच, ते सावलीसाठी. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरवर भक्कम संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून दबून मरण्याचे प्रकार झपाट्याने कमी झाले. ती चौकट चाचणी करून बनवलेली होती, भंगारातला पाइप वाकवून नव्हे. गिऱ्हाइकाला हा फरक तोंडावर सांगावा. टपावरचे कॅरिअर काढून टाका, माल खाली ठेवा, टायर चौघेही एका जातीचे घाला, एवढा सल्ला फुकटात देता येतो आणि तो गार्डपेक्षा कामाचा आहे. खालच्या बाजूला गंज काढून प्रायमर आणि अंडरकोट मारावा, फक्त पाणी निघायची भोके बुजवू नयेत.

राहिले बिल. आपले मिस्त्री अंगठ्याएवढ्या चिठ्ठीवर एकच आकडा लिहून देतात आणि मग काम कंपनीच्या वर्कशॉपकडे गेले म्हणून हळहळतात. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, दहा वर्षांपुढे ५० टक्क्यांपर्यंत. मजुरीवर घसारा नाही. तेव्हा पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहिली नाही तर गिऱ्हाइकाचे नुकसान आपल्या हाताने होते. आणि जीएसटीच्या धास्तीने बिल न देण्याचे कारण नाही. गॅरेजची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, साधे छापील बिल चालते. त्या बिलावर चासीच्या कर्णाची दोन्ही मापे लिहून द्यावीत. मालकाने तरीही "ऊपर ऊपर से"च हवे म्हटले तर काम सोडावे. गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजमध्ये जाईल, हे मला माहीत आहे.

आणि ज्याने काम नीट करून घेतले त्याला आठ दिवसांनी परत बोलवावे. नव्याने आवळलेले यू-बोल्ट खडबडीत रस्त्यावर सैल पडतात. ते पुन्हा आवळायला दहा मिनिटे लागतात. त्याचे पैसे घेऊ नयेत, पण बिलाच्या मागे तारीख टाकून सही मात्र करावी.