शाळेत ‘शुगर बोर्ड’ लागला, गेटबाहेरच्या दुकानाचं काय?

मे 2025 मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या पदार्थात किती साखर असते, दिवसाला किती चालते, हे मुलांना दिसेल असं लिहायचं. कारण मुलांमध्ये वाढणारा टाइप टू मधुमेह. एकेकाळी हा मोठ्यांचाच आजार मानला जायचा. परिपत्रकानुसार 4 ते 10 वयोगटातल्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी 13 टक्के साखरेतून येतात. शिफारस 5 टक्क्यांची आहे.

फलक चांगलाच आहे. 300 मिली कोलात सात-आठ चमचे साखर असते, हे अनेक पालकांनाही माहीत नसतं. पण मधल्या सुट्टीत भूक लागलेलं मूल जवळ आणि स्वस्तात जे मिळतं तेच खातं.

ते बदलण्याचे नियम आधीपासूनच आहेत. महाराष्ट्रानं 2017 मध्ये शाळांच्या कँटीनमध्ये चिप्स, शीतपेयं, पिझ्झा-बर्गर यांना मनाई केली. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार तर साखर, मीठ, चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आतही मुलांना विकता येत नाहीत. अडचण अशी की मुख्याध्यापकांचा अधिकार गेटपाशीच संपतो. बाहेरच्या टपरीवर कारवाई करायची ती सरकारी यंत्रणेनं.

आत मात्र शाळेला बरंच करता येतं. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटण्याची पद्धत एका सूचनेनं थांबू शकते. कँटीनमध्ये केळी, उसळ, शेंगदाणे परवडणाऱ्या दरात ठेवायचे, की भरपूर नफ्याची पाकिटं, हे ठेकेदाराशी करार करतानाच ठरतं. तो करार पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मागून पाहता येईल.