पडद्यावरची बँक आणि पुसलेला पत्ता

भ्रष्ट बँक, देशोदेशी पसरलेले कारस्थान आणि त्याचा माग काढणारा एकाकी अधिकारी हा पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीचा हुकमी विषय आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचा प्रारंभ ज्या चित्रपटाने झाला, तो टॉम टिक्वर यांचा ‘द इंटरनॅशनल’ याच जातकुळीतला. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळल्यानंतर बँकांवरचा सामान्य माणसाचा विश्वास डळमळला होता. त्या वातावरणात बँक हीच खलनायक ठरवणारी कथा प्रेक्षकांना पटणे स्वाभाविक होते. परंतु मनोरंजनाच्या वेष्टनातून समाजमनावर कोणते संस्कार होतात, याचाही विचार व्हायला हवा.

कथा थोडक्यात अशी. लक्झेंबर्गमधील एक बलाढ्य बँक क्षेपणास्त्रांच्या सौद्यात उतरते. तिला नुसता नफा नको असतो. युद्धात गुंतलेल्या राष्ट्रांचे कर्ज आपल्या मुठीत यावे, असा तिचा डाव असतो. इंटरपोलचा अधिकारी आणि न्यूयॉर्कच्या सरकारी वकील कार्यालयातील एक महिला अधिकारी तिचा पाठलाग करतात. साक्षीदार मारले जातात, पुरावे नाहीसे होतात. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गोळ्यांचा वर्षाव होतो. शेवटी नायक कायदा बाजूला सारून इस्तंबूलला पोहोचतो. बँकेचा प्रमुख मरतो, तोही दुसऱ्याच्याच गोळीने. बँकेचा व्यवहार मात्र अबाधित राहतो.

ही कथा ज्या प्रकरणावरून सुचली, ते प्रकरण काल्पनिक नाही. ‘बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल’, अर्थात बीसीसीआय, ही बँक १९७२ मध्ये पाकिस्तानी बँकर आगा हसन आबेदी यांनी स्थापन केली. नोंदणी लक्झेंबर्गची, भांडवल प्रामुख्याने अबू धाबीचे, कारभार लंडन आणि कराचीतून. सत्तरहून अधिक देशांत तिचा विस्तार झाला. एका देशाच्या नियामकाला दुसऱ्या देशातील हिशेब दिसू नयेत, अशीच तिची रचना होती. पनामाचा हुकूमशहा नोरिएगा आणि दहशतवादी अबू निदाल यांच्या टोळीचा पैसा तिच्या खात्यांतून फिरला. अमेरिकी सिनेटर जॉन केरी आणि हँक ब्राउन यांचा डिसेंबर १९९२ चा अहवाल याची साक्ष देतो. पाकिस्तानच्या अण्वस्त्र कार्यक्रमात या बँकेचा सहभाग किती होता, याचा अधिक तपास व्हायला हवा, असेही तो अहवाल नोंदवतो.

चित्रपटात यातले काय उरले? लक्झेंबर्ग उरले, शस्त्रांचा सौदा उरला. कराची तेवढी गळाली. बँकेचा प्रमुख युरोपीय झाला आणि त्याचा सल्लागार पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलीस दलातला. कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य असते, हे मान्यच आहे. पाश्चात्त्यांचे हातही या प्रकरणात स्वच्छ नव्हते. अमेरिकेची गुप्तचर संस्था स्वतः या बँकेची खातेदार होती आणि बँक ऑफ इंग्लंडने कारवाईस विलंब केल्याची टीका झाली. पाश्चात्त्य दिग्दर्शकाने आपल्या घरातील दोष दाखवावेत, यात गैर काही नाही. मात्र दहशतवादाला पोसणाऱ्या पैशाचा खरा पत्ता पुसला की प्रेक्षकाच्या मनात ‘भांडवलशाही’ नावाचा एक निराकार राक्षस तेवढा उरतो. ज्या देशाने सीमेपलीकडून पोसलेल्या दहशतवादाची किंमत रक्ताने मोजली, त्या देशातील प्रेक्षकाने तरी हा पुसलेला पत्ता वाचायला शिकले पाहिजे.

याहून घातक आहे तो चित्रपटाचा निष्कर्ष: व्यवस्थेपुढे कायदा हतबल आहे. इतिहास नेमके उलटे सांगतो. रॉबर्ट मझूर या अमेरिकी सीमाशुल्क अधिकाऱ्याने वेष पालटून बँकेच्या अधिकाऱ्यांचा विश्वास संपादन केला आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये एका बनावट विवाहसमारंभाच्या निमित्ताने आरोपींना फ्लोरिडात बोलावून जेरबंद केले. न्यूयॉर्कचे सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गनथॉ यांनी बड्या धेंडांची पर्वा न करता तपास नेटाने पुढे नेला. लेखापरीक्षकांच्या अहवालाने घोटाळ्याचे स्वरूप उघड झाले. अखेर ५ जुलै १९९१ रोजी अनेक देशांच्या नियामकांनी एकाच वेळी या बँकेला टाळे ठोकले. त्या दिवशी संग्रहालयात गोळीबार झाला नाही, कागद बोलले. न्याय पूर्ण झाला, असे मात्र नाही. आबेदी यांना पाकिस्तानने कधीच स्वाधीन केले नाही. १९९५ मध्ये कराचीतच त्यांचे निधन झाले.

या पडझडीत भरडले गेले ते सामान्य ठेवीदार. ब्रिटनमधील आशियाई वंशाच्या छोट्या व्यापाऱ्यांचे पैसे अडकले. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांच्या स्थानिक परिषदेचे २ कोटी ३० लाख पौंड त्यात गुंतले होते. बीसीसीआयची शाखा मुंबईतही होती. पुढे ती स्टेट बँकेच्या उपकंपनीकडे गेली. मराठी मध्यमवर्गाला ही वेदना परकी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. आयुष्यभराची पुंजी समोर असूनही हात लावता येत नाही, ही व्यथा कोणत्याही थरारपटात दिसत नाही. २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली, हा दिलासा खरा. पण विमा हा सजगतेला पर्याय नव्हे.

सहकारी बँका समाजानेच उभ्या केल्या आहेत. तेथील वार्षिक सभेला किती सभासद जातात? ताळेबंद किती जण वाचतात? संचालकाला प्रश्न विचारण्याचे धैर्य किती जण दाखवतात? पडद्यावरच्या एकाकी नायकाला टाळ्या वाजवणे सोपे आहे. संघटित समाजाने आपल्या संस्थांवर नित्य जागता पहारा ठेवणे कठीण आहे, आणि राष्ट्राचे अर्थबळ त्यावरच टिकते. नायकाची वाट पाहणारा समाज प्रेक्षक राहतो. हिशेब मागणारा समाज मालक होतो.