अंग आंबते तेव्हा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावच्या मैदानांवर पहाटे तरुणांची गर्दी होऊ लागते. वर्षभर धावण्याशी संबंध नसलेला तरुण पहिल्याच दिवशी १६०० मीटर दोनदा धावतो आणि वर दोनशे बैठका काढतो. त्या दिवशी त्याला काही होत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जिना उतरताना मांड्या साथ देत नाहीत. अशा वेळी जुनेजाणते सांगतात, "अंग आंबले आहे, पुन्हा तेवढाच व्यायाम कर, मोकळे होईल." या सल्ल्यात थोडे शहाणपण आहे आणि बराच धोका आहे.

'आंबणे' हा शब्द मोठा बोलका आहे. योगायोग असा, की स्नायूंत साठणाऱ्या लॅक्टिक आम्लामुळे ही वेदना होते, असा समज अनेक वर्षे सुशिक्षितांतही रूढ होता. अजूनही तो पुरता गेलेला नाही. वस्तुतः हे आम्ल व्यायामानंतर तासा-दोन तासांतच ओसरते आणि वेदना शिगेला पोहोचते ती २४ ते ७२ तासांनी! चोर गाव सोडून गेल्यावर झालेल्या चोरीचा आळ त्याच्यावर घ्यावा, तसे हे झाले. थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्नायूच्या आत सूक्ष्म फाटाफूट होत असावी, असा विचार १९०२ मध्येच मांडला होता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्नायुतंतूंची विस्कटलेली रचना प्रत्यक्ष दिसली. ताणला जात असतानाच भार पेलावा लागणाऱ्या स्नायूला ही इजा अधिक होते. म्हणूनच गड चढताना दम लागतो, पण मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे.

ही इजा बहुधा किरकोळ असते आणि आठवडाभरात भरून येते. एवढेच नव्हे, तर सावरलेला स्नायू पुढच्या वेळी तोच भार अधिक सहजतेने पेलतो. म्हणून व्यायाम सोडू नये, हे जुन्यांचे म्हणणे खरे. परंतु दुखेल तेवढा व्यायाम चांगला, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य करण्यासारखा नाही. नवख्या मुलांना पहिल्याच दिवशी शेकडो उठाबशा काढायला लावून 'घाम जिरवणारे' प्रशिक्षक, किंवा शिक्षा म्हणून तेच करणारे शिक्षक, शिस्त लावत नसतात; ते इजा करत असतात.

ही इजा कोठवर जाऊ शकते, याची जाणीव दुसऱ्या महायुद्धात झाली. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली हातपाय चिरडलेली काही माणसे जिवंत बाहेर काढली गेली. परंतु काही दिवसांतच मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये हे नोंदवले. चिरडलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांना बाधते. अंगावर भिंत न कोसळताही, केवळ अतिश्रमाने, विशेषतः उन्हात पाणी न पिता केलेल्या श्रमाने, हेच घडू शकते.

साध्या अंगदुखीत लघवीचा रंग बदलत नाही. ती कोऱ्या चहासारखी गडद झाली, स्नायू सुजले किंवा हातपाय लुळे वाटू लागले, तर तेल चोळत बसण्यात अर्थ नसतो. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा मैदानावर जाणे तर घातकच, कारण अशा पुष्कळ गोळ्यांचा भार त्याच मूत्रपिंडांवर पडतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि किती व्यायाम केला, तेही डॉक्टरांना सांगावे.