सौरपट्ट्यांआधी काटकसर

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याचे आहे. दोन किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३० हजार रुपये आणि तीन वा अधिक किलोवॅटसाठी ७८ हजार रुपये, असे अनुदान तीत ठरविण्यात आले. योजना स्तुत्यच आहे. तथापि अनुदान संचाच्या आकारावर मिळते, वीज वाचविण्यावर नव्हे, ही तिची मोठी उणीव होय.

साधा हिशेब पाहावा. ७५ वॅटचे चार जुने पंखे रोज बारा तास फिरले, तर ३.६ युनिट वीज खातात. ३० वॅटचे बीएलडीसी पंखे तेच काम सुमारे दीड युनिटमध्ये करतात. एक किलोवॅटचा संच आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. म्हणजे केवळ पंखे बदलून अर्ध्या किलोवॅटच्या पट्ट्या वाचल्या! पावसाळ्यात उत्पादन घटते, तेव्हा तर ही बचत अधिकच मोलाची.

जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘पॅसिव्ह हाऊस’नेही आधी घराची गरजच कमी केली. तेथे प्रश्न थंडीचा होता. आपल्याकडे तो दुपारभर तापून रात्री उष्णता सोडणाऱ्या स्लॅबचा आहे. (जुन्या कौलारू घरांच्या पडव्या भिंतींवर ऊन पडू देत नसत, हे आपण फार लवकर विसरलो.)

भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला तर स्वतःचे छप्परच नसते. पंखा मात्र त्याला बदलता येतो, आणि त्यासाठी या योजनेत एक रुपयाही नाही.