मदत करा, पण आधी विचारा

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघा मित्रमैत्रिणींनी एक चांगलं काम केलं, असं आम्हाला तेव्हा वाटलं होतं. बेळगावच्या रेल्वे स्टेशनजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर एक आजोबा झोपायचे. अंगावर भिजलेलं पोतं. आम्ही त्यांचं रील केलं, मागे करुण संगीत लावलं आणि खाली एका मित्राचा क्यूआर कोड दिला. दोन दिवसांत नऊ हजार रुपये जमले. लाइक्स तर विचारूच नका.

तिसऱ्या दिवशी घोंगडी आणि रेनकोट घेऊन गेलो, तर पायरी रिकामी. शेजारची चहावाली मावशी म्हणाली, "गेले ते. तुमचा व्हिडिओ त्यांच्या गावात पोचला. बेळगावात वॉचमन आहे, असं घरी सांगून ठेवलं होतं त्यांनी. काढायच्या आधी विचारलं होतंत का रे पोरांनो?"

विचारलं नव्हतं. झोपलेल्या माणसाला काय विचारायचं, असं मीच म्हणाले होते.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. बेघरांसाठी सोशल मीडियावरून पैसे जरूर गोळा करा, पण कुणाचा चेहरा न विचारता वापरू नका. "चेहरा नसेल तर पैसे कोण देणार?" असं माझा मित्र म्हणतो. त्याचं अगदीच खोटं नाही. नऊऐवजी तीन हजारच जमतील. मग तीन जमवूया. आपली लाज घराच्या दाराआड झाकली जाते. ज्याला दारच नाही, त्याची लाज आपणच सांभाळायला हवी.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. म्हणजे आसरा, पैसे आणि पुढची जबाबदारी, तिन्ही. त्या जखमी माणसाचं नाव मात्र आजही कुणाला माहीत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. आठवड्याने एका ताईने विचारलं, "पैशांचं काय केलंत?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी रील काढून टाकलं, आमची चूक लिहिली, आणि देणाऱ्यांना विचारून उरलेले पैसे एका निवारा केंद्राला पावती घेऊन दिले. हे पहिल्याच दिवशी ठरवायला हवं होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे घोंगडी म्हणजे घर नव्हे. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून जास्त बेघर नोंदले गेले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमाप्रमाणे शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायमचा निवारा हवा होता. त्याच जनगणनेत बेळगावची लोकसंख्या पाच लाखांच्या जवळपास होती. म्हणजे साधारण पाचशे जणांची सोय. ती कुठे आहे, किती आहे, रात्री पोलिसांनी उठवलं तर माणसाने जायचं कुठे, हे महापालिकेला विचारणारी पोस्ट आपण का टाकत नाही? तिला कुणाचा चेहरा लागत नाही, आणि तिचा उपयोग एका पावसाळ्यापुरता राहत नाही.

तो रेनकोट मावशीकडे ठेवलाय. आजोबा परत आले तर आधी माफी मागायची आहे.