नाव नंतर, वजन आधी : रुपयाकडून शिका



ट्रेनिंगला आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "सर, धंद्याचं नाव काय ठेवू?" माल ठरलेला नसतो, पण लोगो मोबाइलमध्ये तयार असतो. माझं मत स्पष्ट आहे : नाव नंतर, वजन आधी. याचं उदाहरण तुमच्या गल्ल्यातच आहे. रुपया!

'रुपया' हे नाव कोणी डोकं खाजवून शोधलेलं नाही. संस्कृतात 'रूप्य' म्हणजे चांदी, छाप मारलेली चांदी. बस्स, मालाचंच नाव. पण शेरशाह सुरीनं आपल्या राज्यात (१५४० ते १५४५) चांदीच्या रुपयाचं वजन पक्कं केलं : १७८ ग्रेन, म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम. त्याचं घराणं थोड्याच वर्षांत संपलं, पण मुघलांनी तेच माप पुढे चालवलं. राजा गेला, नाणं राहिलं.

पुढे टांकसाळी वाढल्या. पुण्याचा अंकुशी रुपया वेगळा, चांदवडचा वेगळा, निजामाचा हाली सिक्का वेगळा. नाव सगळ्यांचं रुपयाच, पण चांदी कमी-जास्त. मग सराफ नाणं वाजवायचा, तोलायचा आणि कमी भरलं तर तेवढे पैसे कापायचा. त्या कपातीला म्हणायचे 'बट्टा'. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना आपण? तोच हा शब्द. शेवटी १८३५ मध्ये कंपनी सरकारनं आपल्या मुलखासाठी १८० ग्रेनचा एकच रुपया ठरवला.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आजच्या रुपयात चांदी कुठं आहे?" बरोबर. १९४० मध्ये ती निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला. तरी तो चालतो, कारण त्याच्यामागे सरकार आणि रिझर्व्ह बँक उभी आहे. तुमच्या-माझ्यामागे कोण आहे? फक्त आपला तराजू.

म्हणून सांगतो, डाळ-तेल महागलं की २०० ग्रॅमच्या पापडाच्या पाकिटात गुपचूप १८० ग्रॅम भरू नका. भाव वाढवायची भीती वाटते, हे मला समजते. मीही दुकानदारच आहे. पण पाच रुपये वाढवले तर गिऱ्हाईक एक दिवस कुरकुर करते. वजन मारलं तर काही बोलत नाही, सरळ दुसऱ्या दुकानात जाते. आणि दर्यापूरसारख्या गावात ही गोष्ट पसरायला किती वेळ लागते? एक आठवडी बाजार पुरतो! त्यापेक्षा भाव उघड वाढवा, कारण सांगा, माप तेच ठेवा.

आणि लोगोची घाई कशाला? रुपयाचं आजचं चिन्ह २०१० मध्ये आलं. शेरशाहनंतर साडेचारशेहून जास्त वर्षांनी! तोवर धंदा काही थांबला नव्हता.

या आठवड्याचा होमवर्क : आपल्या मालाची दहा पाकिटं स्वतः तोला. दहाही सारखी भरली, की मग नावाचं बोलू.