पोरींच्या हाती पक्कड

२६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडात संगोळ्ळी रायण्णांना फाशी झाली. त्याच्या अवघे तेवीस दिवस आधी, ३ जानेवारीला, नायगावात सावित्रीबाईंचा जन्म झाला होता. पहिली तारीख आमचे शाळकरी पोरही सांगेल. दुसरीचा आमच्या गावाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठीच हे लिहिणे आहे.

१८४८ साली भिडेवाड्यात शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या तसबिरीला आम्ही हार घालतो. आणि दहावी-अकरावीतल्या मुलींनी धाकट्या मुलींना यंत्रमानव जोडायला शिकवावे, असे कोणी सुचवले की म्हणतो, ‘या पोरी काय शिकवणार? जाणता इंजिनिअर आणा!’ इंजिनिअर जरूर आणावा. परंतु काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी मध्येच का भरकटते, हे नऊ वर्षांच्या मुलीला पंधरा वर्षांची ताई अधिक नेमके सांगते. काळा रंग प्रकाश गिळतो, पांढरा परतवतो, आणि सेन्सर फार उंच बसवला तर त्याला दोहोंतला फरक कळत नाही. ती स्वतः परवाच तेथे चुकलेली असते! फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला, शिकवणारीचे कोवळे वय काही तिच्या आड आले नाही.

२०१९ साली दुबईच्या यंत्रमानव स्पर्धेत भारताचा संघ म्हणून मुंबईच्या मुली गेल्या. मुंबईचे सोडा, म्हणाल. अफगाणिस्तानातील हेरातच्या मुली २०१७ साली वॉशिंग्टनला पोहोचल्या, व्हिसा दोनदा नाकारला गेल्यावर. आमच्या लेकींना व्हिसा नको, खानापूरच्या गाडीत बसायला घरची परवानगी हवी.

आणि भाषेचे काय? १ नोव्हेंबरला आम्ही काळा दिवस पाळतो, पाट्यांसाठी भांडतो; ते योग्यच आहे. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर मराठी बोलणारे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत, पण त्यांतल्या किती जणांनी मुलीला एकदा तरी तो लेथ दाखवला? ‘तारा उलट्या जोडल्यास गं, चाक मागेच फिरणार,’ असे एक मुलगी दुसरीला सांगते तेव्हा मराठी ज्या जागी पाऊल टाकते, तेथे आमचे परिभाषाकोश अजून पोहोचलेले नाहीत.

एका सत्काराच्या शाल-श्रीफळात दोन मोटरी, चार चाके आणि बॅटरीचा डबा सहज येतो. वाचनालयाची मागची खोली रविवारी कुलूपबंदच असते. तिची किल्ली कोणाकडे मागायची, तेवढे कार्यकारिणीने कळवावे.